मजुरी वाढली, पण सुखासुखी नाही

चौदाव्या शतकातल्या प्लेगने माणसं घटली, मजूर महागले आणि युरोपातली वेठबिगारी आपोआप संपली, असं म्हटलं जातं. मला तो 'आपोआप' खटकतो.

इंग्लंडचंच बघा. १३४८ च्या उन्हाळ्यात साथ तिथे पोचली आणि दीडेक वर्षात तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. जून १३४९ मध्ये, म्हणजे साथ चालू असतानाच, राजा तिसऱ्या एडवर्डने फर्मान काढलं: साठीच्या आतल्या, धडधाकट आणि स्वतःचं उपजीविकेचं साधन नसलेल्या प्रत्येकाने बोलावणं आलं की कामावर जायचं, तेही साथीपूर्वीच्याच मजुरीवर. १३५१ मध्ये पार्लमेंटने त्याचा कायदा केला. मजूर कोर्टात खेचले गेले, दंड भरत राहिले. गंमत अशी की काही जमीनदारच जास्त पैसे देऊन शेजाऱ्याचे मजूर पळवत होते! १३६३ मध्ये तर कोणत्या थराच्या माणसाने कसलं कापड वापरायचं याचाही कायदा आला. (तो फार टिकला नाही.) हा राग साचत गेला आणि १३८१ मध्ये डोईपट्टीचं निमित्त होऊन शेतकऱ्यांचा उठाव भडकला. उठावाचा म्होरक्या वॉट टायलर मारला गेला, उठाव चिरडला गेला. वेठ त्यानंतर हळूहळूच विरली.

आणि हाच प्लेग मामलुक सुलतानांच्या इजिप्तमध्येही आला होता. तिथे नाईलचे बांध-कालवे राखायला हात उरले नाहीत, शेती खालावली आणि उरलेल्या शेतकऱ्यांकडूनच वसुलीचा तगादा वाढला.