प्लेटवर झोन मस्त येतोय पण फ्लास्कमध्ये अमायलेज मिळत नाहीये, काय चुकतंय?

गिरणीची_माती: नमस्कार, एमएस्सी मायक्रोबायोलॉजी शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट मातीतल्या बॅक्टेरियापासून अमायलेज (स्टार्च फोडणारं एन्झाइम). गावातल्या पिठाच्या गिरणीमागची माती घेतली (पीठ सांडून सांडून तिथली जमीन पांढरट झालीये), पाण्यात कालवून 80 डिग्रीला 10 मिनिटं ठेवली म्हणजे स्पोरवाले (उष्णता सोसणारे बीजाणू करणारे) बॅसिलस तेवढे राहतील, मग डायल्युशन करून स्टार्च अगारवर पसरवली. आयोडीन ओतल्यावर अख्खी प्लेट काळीनिळी आणि एका चपट्या, दातेरी कडेच्या कॉलनीभोवती स्वच्छ गोल, इतका आनंद झाला! मास्टर प्लेटवरून (आयोडीन न ओतलेली जोडप्लेट) तीच कॉलनी उचलली, ग्रॅम पॉझिटिव्ह रॉड आहे. पण पुढे अडलंय. 250 च्या फ्लास्कमध्ये 150 मिली ब्रॉथ, 1 टक्का स्टार्च, वाढ जोरात व्हावी म्हणून 1 टक्का ग्लुकोज, 37 ला शेकरवर 12 तास. सुपरनेटंटची (पेशी खाली बसवून उरलेलं वरचं पाणी) डीएनएस, म्हणजे सुटलेली साखर रंगावरून मोजायची टेस्ट, केली तर टेस्ट आणि कंट्रोल दोन्ही सारखेच लालभडक. तीनदा तेच. सबमिशन महिन्यावर आलंय, प्लीज सांगा.

शेकरवाली_ताई: ग्लुकोज काढ, आधी ते काढ. आयतं ग्लुकोज मिळतंय तोवर बॅसिलस अमायलेजचं जीन दाबूनच ठेवतो, स्टार्च फोडायची त्याला गरजच काय? आणि उरलेलं ग्लुकोज डीएनएसमध्ये रंग देतं, म्हणून दोन्ही ट्यूब लाल. दुसरं म्हणजे 12 तास कमी आहेत, हे एन्झाइम मुख्यतः वाढ मंदावल्यावर बाहेर पडतं, तेव्हा 48 तासांपर्यंत दर 6 तासांनी सॅम्पल काढ आणि ग्राफ बघ. ब्रॉथ 50 मिलीच घे, 150 भरलंस तर हवा कुठून मिळणार त्याला.

कोंडा_फर्मेंटेशन: ताईंचं बरोबर आहे, माझी एक भर. कंट्रोलला सुपरनेटंट उकळून वापरत असशील तर जपून, काही बॅसिलसचं, खासकरून लायकेनिफॉर्मिसचं अमायलेज उकळीतही बऱ्यापैकी टिकतं, मग कंट्रोलच काम करत बसतो. त्यापेक्षा कंट्रोलमध्ये आधी डीएनएस टाक आणि मग एन्झाइम. थोडं कॅल्शियम क्लोराइडही घाल, त्याने हे एन्झाइम स्थिर राहतं. सुपरनेटंट टेबलावर ठेवू नकोस, त्यात याच जिवाणूचे प्रोटिएज (प्रोटीन फोडणारे एन्झाइम) असतात, ते अमायलेजच खाऊन टाकतात, म्हणून थेट बर्फात. आणि तुझ्याकडे गिरणी आहेच तर गव्हाचा कोंडा आण, ओलसर करून ऑटोक्लेव्ह कर, कल्चर घाल, दोन दिवसांनी बफरमध्ये कालवून मलमलीतून पिळून घे. खर्च जवळजवळ नाहीच आणि प्रोजेक्टला तुलनाही मिळते.

गिरणीची_माती: ताई, दादा, खूप खूप आभार!! ग्लुकोज काढलं, 50 मिली घेतलं. 18 तासांना अगदी थोडं, 36 ला सगळ्यात जास्त, 48 ला परत उतरलं. उकळलेलाच कंट्रोल वापरत होते मी, आता बदलला, 540 नॅनोमीटरला रंग मोजला तर फरक स्पष्ट दिसतोय. काल कोंडाही लावलाय, झाकण उघडलं की भिजवलेल्या कणकेसारखा वास येतोय, हे ठीक आहे ना?

कोंडा_फर्मेंटेशन: ठीक आहे. सडका किंवा अमोनियासारखा वास आला तर मात्र स्टेनिंग करून बघ, बाहेरचं काही शिरलं असेल. आणि 36 तासांच्या कल्चरचा ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉल घालून फ्रीझरमध्ये जपायचं कल्चर) आजच करून ठेव.