रात्रीची वेळ, अंडकोषात अचानक कळ आणि डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) नाही: काय करता?

ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. अनुभवी मंडळींची मदत हवी आहे.

परवा मध्यरात्री चौदा वर्षांचा मुलगा आला. केसपेपरवर ‘पोटात दुखणे, उलटी’. आईसमोर पोरगा तोंड उघडेना. तिला बाहेर बसवून तपासलं, तर डावा अंडकोष सुजलेला, टणक, वर ओढला गेलेला. मांडीच्या आतून बोट फिरवलं की उजवा वर सरकायचा, डावा ढिम्म. ताप नाही, लघवीला जळजळ नाही. झोपेतून कळ येऊन उठला, त्याला तीन तास झालेले. ट्विस्ट स्कोअर (अंडकोषाला पीळ, म्हणजे टॉर्शन, असण्याची शक्यता लक्षणांवरून मोजणारे गुण) सातपैकी सात.

सोनोग्राफी मशीन आहे, पण रेडिओलॉजिस्ट ठरलेल्या वारीच येतात आणि पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदानबंदी कायद्यामुळे मी त्याला हात लावू शकत नाही. वरच्या रुग्णालयात फोन केला तर उत्तर: “आधी डॉपलर करा. इन्फेक्शन असेल, अँटिबायोटिक द्या, सकाळी पाठवा.” सहा तासांच्या आत पीळ सुटला तर अंडकोष बहुधा वाचतो, चोवीस तासांनी क्वचितच. सकाळची वाट कशी बघायची? हुज्जत घालून १०८ने पाठवला. टॉर्शनच निघालं, वेळेत सुटलं.

आता प्रश्न. फोनवर नेमकं काय सांगितलं की डॉपलरविना पेशंट घेतात? दीड तासाचा रस्ता असेल तर हाताने पीळ सोडवून पाहावा का? आणि लहान मुलांत अपेंडिक्स टेस्टिसला (अंडकोषावरच्या छोट्याशा उपांगाला) पीळ पडला की दिसणारा तो निळा ठिपका आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर कुणाला खरंच दिसलाय का?

प्रतिसाद:
डॉक्टर, युरोलॉजीत आहे. फोनवर ‘अंडकोष दुखतोय’ म्हणू नका. ‘टॉर्शन आहे, स्कोअर सात, कळ अमुक वाजता सुरू, पेशंट निघालाय, उपाशी आहे’ एवढंच सांगा आणि वेळेसकट केसपेपरवर लिहा. पाचच्या वर स्कोअर असेल तर आम्हीही डॉपलरसाठी थांबत नाही. अर्धवट पिळात रक्तप्रवाह दिसतो आणि फसगत होते. वेदनाशामक देऊन हाताने जरूर प्रयत्न करा, पुस्तक उघडतो तसं आतून बाहेर. दुखणं वाढलं तर थांबा, काहींचा पीळ उलट्या दिशेचा असतो. आराम पडला तरी पाठवाच. थोडा पीळ उरलेला असू शकतो, शिवाय दोन्ही बाजू टाके घालून पक्क्या कराव्या लागतात. निळा ठिपका मला फारच क्वचित दिसलाय. नाही दिसला म्हणून काही ठरवू नका.