इंदूरच्या जुन्या विहिरींवर एम.टेक.चा प्रबंध: मोजणीला सुरुवात कशी करावी?

रामबागची विद्यार्थिनी:
सर्वांना सादर नमस्कार. मी इंदूरमध्ये पर्यावरण अभियांत्रिकीचे एम.टेक. करीत आहे. आमच्या वाड्यात पणजोबांच्या वेळची विहीर आहे. तिच्या दगडी कठड्यावर दोरांनी पाडलेले बोटभर खोल वळ आजही दिसतात, आणि गेल्या मे महिन्यात शेजारचा बोअर आटला तेव्हाही तिच्यात पाणी होते. 1978 मध्ये नर्मदेचे पाणी शहरात आले, घरोघरी नळ झाले आणि अशा विहिरी मागे पडल्या. पिण्याव्यतिरिक्तच्या वापराचा किती भार त्या उचलू शकतील, हा विषय मी निवडला आहे. माझ्या मार्गदर्शकांच्या मते गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या उपग्रहांची माहिती वापरावी. मला मात्र प्रत्यक्ष विहिरी मोजाव्यात असे वाटते. हाती एकच वर्ष आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त जलअभियंता, लोकमान्य नगर:
विषय उत्तम आहे, आणि विहिरी मोजण्याचा तुमचा कल मला योग्य वाटतो. त्या उपग्रहांना शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यातील पाण्याच्या वजनाचा एकत्रित बदल दिसतो. मोठ्या खोऱ्यासाठी तो अमोल आहे, पण एका शहराच्या भूजलाचे चित्र त्यातून उभे राहत नाही. माळव्याचा पाषाण बेसाल्ट आहे. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत, म्हणूनच दोन घरांच्या अंतरावर एक विहीर भरलेली आणि एक बोअर कोरडा, असे घडते. भूजल अंदाजाच्या सरकारी पद्धतीत या पाषाणाची पाणी सोडण्याची क्षमता साधारण 2 टक्के धरतात, म्हणजे पातळी एक मीटर वाढली तर प्रत्यक्षात जमिनीत केवळ 20 मिलिमीटर पाणी मुरलेले असते. पातळी भराभर चढताना पाहून हुरळून जाऊ नये, ते यासाठी.

मोजणीची रीत साधी आहे. कठड्यावर एका जागी रंगाची खूण करावी आणि दर वेळी तिथूनच मोजावे. पोलादी टेपच्या टोकाकडील मीटरभर भागाला खडू फासून टेप पाण्यात सोडावी. खूणेपाशी आलेल्या आकड्यातून खडू जिथवर भिजला तो आकडा वजा केला की पातळीची खोली मिळते. आठवड्यातून एकदा, पहाटे, कोणी पंप सुरू करण्यापूर्वी मोजावे. मे अखेरची आणि पावसाळ्यानंतरची नोंद एकदाही चुकता कामा नये.

मात्र साठ्यावरून विहिरीची किंमत करू नये. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत प्रत्येक मीटरला सुमारे 7,000 लिटर पाणी असते, पण ते एकदा उपसल्यावर परत भरायला किती तास लागतात, यावरच सारे अवलंबून आहे. उपसा थांबवल्यावर दर दहा मिनिटांनी पातळी लिहून घ्यावी. शहरी पुरवठ्याच्या 135 लिटर दरडोई प्रमाणात शौचालयासाठी 45 लिटर धरतात. रात्रभरात 4,500 लिटर भरून येणारी विहीर पाच माणसांच्या वीस कुटुंबांची ही गरज भागवते.

विजेचा हिशेबही प्रबंधात अवश्य घ्यावा. नर्मदेचे पात्र समुद्रसपाटीपासून सुमारे 150 मीटरवर आणि इंदूर 550 मीटरवर, मध्ये विंध्याचा कडा. हजार लिटर पाणी 400 मीटर चढवायला, पंपाची व नळातली घट न धरताही, सुमारे 1.1 युनिट लागते. आठ मीटरच्या विहिरीतून 0.02 युनिट. नर्मदेचे पाणी इंदूरला चढवणाऱ्या जलूद इथल्या पंपांसाठी 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे काढले, यावरून या खर्चाचे ओझे ध्यानात येईल.

सुदामा नगरचा रसायनशास्त्राचा शिक्षक:
वरील सर्व मान्य, पण पाण्याची तपासणी केल्याखेरीज प्रबंध पुरा होणार नाही. जुन्या वस्तीत सांडपाणी झिरपते आणि त्याची पहिली खूण नायट्रेट असते. पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. नमुने पावसाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्यावेत. आणखी एक कळकळीची विनंती. झाकलेल्या बावडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीच्या, छतावर कदापि उभे राहू नये. 2023 च्या रामनवमीला याच शहरात तसे छत कोसळून 36 माणसे गेली. कोणत्या विहिरी कशाने झाकल्या आहेत, ही नुसती यादीदेखील तुमच्या प्रबंधातून मिळाली तर शहरावर उपकार होतील.

रामबागची विद्यार्थिनी:
काका आणि सर, मनःपूर्वक आभार. उपग्रहांची माहिती मी पूर्ण माळव्याच्या पार्श्वभूमीपुरती घेईन. मार्गदर्शकांनाही तशी विनंती करते. झाकलेल्या विहिरींचा स्तंभ नोंदवहीत आजच वाढवला. एक शंका राहते: आमच्या विहिरीपासून पंधरा मीटरवर शेजाऱ्यांचा बोअर आहे. तो चालू असताना घेतलेली नोंद टाकून द्यावी का?

निवृत्त जलअभियंता, लोकमान्य नगर:
टाकून देऊ नये. वेळ लिहून वेगळ्या रकान्यात ठेवावी. बोअर सुरू होताच विहीर उतरू लागली, तर दोघांना पाणी एकाच भेगेतून येत असण्याचा तो सबळ पुरावा आहे, आणि शेजाऱ्यांशी बोलताना तुम्हाला तोच लागेल.