सौरकंप, सौरदोलन की सौर आंदोलन?

हेलिओसिस्मॉलॉजीला, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या हालचालींवरून त्याच्या आतलं ओळखणाऱ्या शास्त्राला, मराठीत नक्की काय म्हणायचं? एका लेखात 'सूर्यावरचे भूकंप' वाचलं आणि खटकलं, भू म्हणजे पृथ्वी, मग सूर्यावर भूकंप कसा?

– भूकंप नकोच, पण मला नुसता 'कंप'सुद्धा पटत नाही. कंप म्हटलं की एकदा हादरलं आणि थांबलं असं वाटतं, सूर्य तर थांबतच नाही. वरच्या थरांत तापलेला वायू सतत खळबळत असतो, त्यातून ध्वनिलहरी उठतात, त्या आत शिरतात, खोल गेलं की तापमान वाढतं, ध्वनीचा वेगही वाढतो म्हणून त्या वळून वर येतात आणि पृष्ठभागाशी घनता एकदम घटते म्हणून पुन्हा आत परततात. पृष्ठभाग साधारण ५ मिनिटांच्या ठेक्यात वरखाली होतो, १९६०च्या सुमारास अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट लेटन यांनी हे पहिल्यांदा टिपलं. हे दोलनच, म्हणून 'सौरदोलनशास्त्र'.

– आंदोलन का नको? फिजिक्समधे चालतो की तो शब्द.

– चालतो, पण सामान्य वाचकाच्या डोळ्यापुढे मोर्चा येतो. बोलीतलं हवं असेल तर 'घुमणं' घ्या, लहरी आत कोंडून परत परत फिरतात ते अगदी तेच आहे!

– दोलनला माझं मत. सूर्याची दोलनं मोजणाऱ्या दुर्बिणींच्या जाळ्याचं गाँग हे नावसुद्धा ग्लोबल ऑसिलेशन (म्हणजे दोलन) नेटवर्क ग्रुपचं लघुरूप आहे. एका ठिकाणाहून बघितलं तर रात्र होते, नोंदीत खंड पडतो आणि त्या खंडामुळे मुळात नसलेल्या वारंवारता गणितात दिसायला लागतात, म्हणून १९९५ मधे कॅलिफोर्नियातलं बिग बेअर, हवाईतलं मौना लोआ, ऑस्ट्रेलियातलं लर्मंथ, आपलं उदयपूर, तेनेरीफवरचं तेइदे आणि चिलीतलं सेर्रो तोलोलो अशा ६ जागी एकसारखी दुर्बीण बसवली, दर मिनिटाला पृष्ठभागाच्या वेगाचा नकाशा. एकीकडे मावळला की दुसरीकडे सूर्य वर असतोच.

– आणि कृपा करून 'इंटिरियर'ला सरसकट गाभा लिहू नका. गाभा म्हणजे केंद्राजवळचा त्रिज्येचा साधारण पाव भाग, जिथे ऊर्जा तयार होते. सगळ्याला मिळून अंतरंग.

– बरोबर. मला अडतंय ते टॅकोक्लाइन या सूर्याच्या आतल्या थरापाशी. विषुववृत्त सुमारे २५ दिवसांत फिरतं, ध्रुवांकडे त्याहून बरेच जास्त दिवस लागतात, हा फरक आत त्रिज्येच्या साधारण ३० टक्के खोलीपर्यंत टिकतो आणि तिथे एका पातळ थरात संपतो, त्याखाली सगळं जवळपास एकाच वेगाने फिरतं. या थराला 'वेगसंधी' कसं वाटतं?

– चांगलंय, पहिल्यांदा वापरताना एका वाक्यात अर्थ द्या म्हणजे झालं.