ब्रेनर : घाट म्हणावं की खिंड?

प्रश्न : ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या ब्रेनर पासवर लिहिते आहे. मराठीत ‘ब्रेनर घाट’ लिहू की ‘ब्रेनर खिंड’? आणि जिथून दोन्हीकडचं पाणी वेगळं होतं त्या रेषेला ‘पाणलोट’ चालेल का?

उत्तर १ : खिंडच लिहा. घाट म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढणीची सगळी वाट. खिंड म्हणजे डोंगररांगेतली नेमकी खोलगट जागा. पावनखिंडीला कुणी घाट म्हणत नाही. इन्सब्रुकहून सिल नदीच्या खोऱ्यातून चढणारा आणि पलीकडे आयझाक नदीच्या काठाने उतरणारा रस्ता खुशाल घाटरस्ता म्हणा, पण सुमारे १,३७० मीटरवरची सीमेची जागा ही खिंड. आल्प्सच्या मुख्य रांगेत इतकी कमी उंची दुर्मीळ. स्वित्झर्लंड-इटली सीमेवरची ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड २,४६९ मीटरवर आहे, तिथला माथ्यावरचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो. ब्रेनर बारा महिने चालू. १८६७ साली रेल्वे आली तीही माथ्याखाली बोगदा न खणता थेट खिंडीतून. शिवाय घाट म्हटलं की आपल्याला कोकणातून वर पठारावर नेणारी, एकाच बाजूची चढण आठवते. इथे दोन्हीकडे उतार आहे.

उत्तर २ : शेवटचा मुद्दा पटला नाही. खंबाटकीला चढ आणि उतार दोन्ही आहेत, तरी तो घाटच. बाकी खिंड हा शब्द मान्य.

‘पाणलोट’ मात्र नको. पाणलोट क्षेत्र म्हणजे ज्या भागातलं पाणी एका प्रवाहाला मिळतं तो सगळा भाग. रेषेसाठी ‘जलविभाजक’. सिलचं पाणी इन आणि डॅन्यूब नद्यांमार्गे काळ्या समुद्रात जातं, आयझाकचं आदिजेमार्गे एड्रियाटिकमध्ये. १९१९ च्या सेंट-जर्मेन तहाने ही सीमा ठरली. त्याआधी दोन्ही बाजू ऑस्ट्रियाच्या टायरॉल प्रांतातच होत्या, आणि अजूनही खिंडीच्या दोन्हीकडच्या खोऱ्याचं नाव एकच आहे : विप्टाल. मला ही गोष्ट फार आवडते, लेखात जरूर घ्या.

फक्त ‘सीमा म्हणजे जलविभाजक’ असं सरसकट लिहू नका. पश्चिमेच्या रेशन खिंडीपाशी सीमा जलविभाजकाच्या थोडी उत्तरेला आहे. त्यामुळे इटलीच्या त्या पट्ट्यातलं पाणी ऑस्ट्रियात, इन नदीकडे वाहतं.

प्रश्नकर्ती : आभार! मग गाव ‘खिंडीवर’ की ‘खिंडीत’?

उत्तर १ : खिंडीत. ब्रेनर गाव खिंडीत वसलंय, रेल्वे खिंडीतून जाते. ‘वर’ घाटमाथ्याला शोभतं.