मदत हवी आहे: दादा एएस, होणारी वहिनी पण एएस, घरच्यांना नीट कसं समजावून सांगू?

केळापूरची पोरगी

नमस्कार सगळ्यांना. मी बीएस्सी फर्स्ट इयरला आहे, गाव यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यात, घरी पाच एकर पराटी (कापूस). प्रश्न लांब आहे पण प्लीज पूर्ण वाचा, कारण रविवारी आमच्याकडे बैठक आहे आणि त्याच्या आत मला घरच्यांशी बोलायचंय.

दादाची सोयरीक जुळली. पोरगी चांगली आहे, दोघांनाही पसंत आहे. दादाचं सिकलसेलचं कार्ड शाळेत असतानाच निघालं होतं, त्यावर एएस लिहिलंय (म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा जीन एकाच बाजूने आलेला, नुसता वाहक), पण त्याला कधी काहीच झालं नाही म्हणून ते पेटीत पडून होतं. परवा मुलीकडच्यांनी स्वतःहून सांगितलं की तिचं पण एएस आहे. तेव्हापासून घरात नुसता गोंधळ चालू आहे. मामा म्हणतात मोडून टाका. आत्या म्हणते काही होत नाही, दोघं धडधाकट आहेत. बाबा म्हणतात, "दोघंबी ठणठणीत हायेत, मंग लेकरू काहून बिमार होईन?" आणि आईने कुठूनतरी ऐकलंय की चारात एक बिमार निघतो, म्हणून ती म्हणते दोनच लेकरं होऊ देऊ, मग काही भीती नाही. आमच्या गल्लीत एक पोरगा एसएस आहे, म्हणजे दोन्हीकडून तो जीन आलेला आणि आजारी, हिवाळ्यात त्याचे हातपाय दुखतात तेव्हा त्याचं रडणं आमच्या अंगणापर्यंत येतं, त्यामुळे आई बोलताना मधेच गप्प होते.

मी चौकोन काढून दाखवला, कॉलेजमध्ये शिकवतात तसा, चार घरांत लेकरांच्या चार शक्यता लिहायच्या. आईला त्यातलं काही कळलं नाही, उलट ती म्हणाली की पहिल्या घरात एए (दोन्हीकडून साधा जीन) आहे म्हणजे पहिलं लेकरू चांगलं होईल का.

दुसरा प्रश्न बाबांचा. ते म्हणाले एवढा वाईट जीन आहे तर इतक्या पिढ्यांत तो संपला का नाही, कमजोर झाड तर वावरातून आपोआप जातं. मग स्वतःच म्हणाले, "बोंडअळीले कशी बीटीची सवय झाली, तशी आपल्या रक्ताले बी याची सवय झाली असन." (बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच बनवणारा कापूस.) मला माहितीये की हे बरोबर नाही, पण बरोबर काय ते मला सांगता आलं नाही. आम्हाला नॅचरल सिलेक्शन इंग्लंडच्या पतंगांवरून शिकवलं, ते बाबांना सांगून काय उपयोग.

कोणी सोप्या भाषेत सांगाल का?

वणीकडचा मास्तर

ताई, तू वेळेत विचारलंस हे फार चांगलं केलंस. मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो आणि दरवर्षी वर्गात दोन-तीन पोरं एएस असतात, त्यामुळे हे माझ्यासाठी नुसतं पुस्तकातलं नाही.

पहिले बाबांचं. आपल्याला प्रत्येक जीनच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून एक बापाकडून. इथे जो जीन आहे तो 11 नंबरच्या क्रोमोसोमवर असतो आणि हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवतो. त्या साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. एस प्रतीत डीएनएचं फक्त एक अक्षर बदललेलं असतं, त्यामुळे सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, बस एवढंच. पण एवढ्यानं काय होतं की ऑक्सिजन सोडल्यावर ते हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात, पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि तिथून ते दुखणं सुरू होतं. साधी लाल पेशी 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी.

दादाच्या आणि मुलीच्या अंगात एक प्रत साधी आहे. ती पुरेसं चांगलं हिमोग्लोबिन बनवते, म्हणून दोघं ठणठणीत. बाबा बरोबरच पाहून राहिले, फक्त दुसरी प्रत बाहेरून दिसत नाही. लेकराला दोघांकडून नेमकी तीच दुसरी प्रत आली तर त्याच्याकडे साधी एकही उरत नाही.

आता आईचं. चौकोन सोडून दे. दोन वाट्या घे, एक दादाची एक वहिनीची. प्रत्येक वाटीत एक हरभरा आणि एक तुरीचा दाणा टाक. हरभरा म्हणजे साधी प्रत, तूर म्हणजे एस. आईला डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचलायला सांग, ते एक लेकरू. मग दाणे परत टाकायचे आणि पुन्हा उचलायचे. परत टाकायचे हे विसरू नको, सगळी गंमत त्यातच आहे. वाटीला आठवत नसतं की मागच्या वेळी काय निघालं.

"चारात एक"चा अर्थ चार लेकरांपैकी एक असा नाही. प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता, नव्याने. दोन लेकरं धरली तर दोघंही एसएस नसण्याची शक्यता 16 पैकी 9, म्हणजे साधारण 56 टक्के. चार लेकरं असली तरी 256 पैकी 81 वेळा एकही एसएस नसेल, आणि एखाद्या घरी दोनपैकी दोन्ही निघतात, मी पाहिलंय असं घर. मेंडेलने वाटाण्याचे 7324 दाणे मोजले तेव्हा 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले निघाले, म्हणजे तिनास एकच्या अगदी जवळ. हजारो दाण्यांत हिशोब जुळतो, एका घरच्या दोन लेकरांत तो जुळलाच पाहिजे असं काही नाही.

अळीचं रात्री लिहितो, आता तास आहे.

लॅबवाली ताई

मी ग्रामीण रुग्णालयात लॅबमध्ये आहे. एक गोष्ट आधी करा, दोघांचेही कार्ड कोणत्या टेस्टवर निघालेत ते बघा. कॅम्पमध्ये पहिले सोल्युबिलिटी टेस्ट होते, ती फक्त एवढंच सांगते की एस आहे की नाही, एएस की एसएस ते तिच्यावरून कळत नाही. पक्कं कळायला इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी लागते, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी रक्ततपासणी. एचपीएलसीत थॅलेसेमियाचा (हा पण आईबापाकडून येणारा हिमोग्लोबिनचाच आजार) वाहक आहे का याचा पण अंदाज येतो आणि तेही बघायलाच पाहिजे, कारण एस एका बाजूने आणि बीटा थॅलेसेमिया दुसऱ्या बाजूने आला तरी लेकरू आजारी होतं. लोकं हे विसरतात.

आणि सोयरीक ठेवायची की नाही हे त्या दोघांचं आहे, मामांनी बैठकीत ठरवायची गोष्ट नाही असं माझं स्पष्ट मत आहे. दोघांना सोबत बसवून समुपदेशकाकडे न्या. लग्न केलं तर गरोदरपणाच्या 10 ते 12 आठवड्यांच्या सुमारास वारेच्या पेशी घेऊन बाळाचा जीन तपासता येतो, मोठ्या शहरात सोय असते, पण त्यासाठी आधीच धावपळ करावी लागते, चौथ्या महिन्यात येऊन सांगितलं की आमचा पण जीव खालीवर होतो. लेकरू एसएस निघालंच तर जन्मापासून लक्ष ठेवलं, लस, फॉलिक अ‍ॅसिड, डॉक्टरांनी सांगितलं तर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध, तर फरक पडतो. 2023 पासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचं मिशन पण चालू आहे, 40 वर्षांपर्यंतच्यांची तपासणी त्यात धरलीय, तर तपासणीला लाजायचं काम नाही.

मुलीकडच्यांनी स्वतः सांगितलं, त्यांचा मान ठेवा. बहुतेक जण लपवतात.

केळापूरची पोरगी

ताई, सर, खूप खूप धन्यवाद. दादाचं कार्ड बघितलं, त्यावर टेस्टचं नावच नाही. आजीने मात्र नवीन सुरू केलं, म्हणते हा दोष बाईकडूनच येतो, म्हणून आई कालपासून जेवली नाही नीट. सर अळीचं नक्की लिहा, बाबा विचारून राहिले.

कापूसवाला हिंगणघाट

पोरी, तुह्या बाबाचा प्रश्न माह्याबी डोक्यात 2017 पासून हाय. त्या साली बोंड फोडलं का आत अळी, अर्ध्या कापसाची कवडी झाली, वेचाले बाया मिळे नाईत. आम्ही त कंपनीचंच बियाणं लावलं होतं, बीजी-2, म्हणजे दोन जीनवालं बीटी. सगळे म्हणत अळीले सवय झाली. सवय नाई त मंग काय झालं ते मास्तरांनी सांगावं, मीबी वाचून रायलो.

वणीकडचा मास्तर

काका, ताई, आता निवांत लिहितो.

सवय एका जिवाला लागते. माणूस तिखट खायला शिकतो ती सवय. पण बीटीचं विष खाल्लेली साधी अळी मरते, मेलेल्या अळीला कसली सवय लागणार. झालं असं की लाखो अळ्यांमध्ये अगदी थोड्या अशा आधीपासूनच होत्या ज्यांच्या आतड्यातला एक प्रथिन जरा वेगळा होता, त्यामुळे विषाला तिथे चिकटायला जागाच मिळत नव्हती. हा बदल बीटी येण्याच्या आधी, आपोआप झालेला. बीटी नव्हतं तेव्हा त्याचा त्यांना काही फायदा नव्हता. 2002 मध्ये बीटी आलं, साधी अळी मरत गेली, या थोड्या उरल्या, त्यांचीच पिल्लं वाढली. एकही अळी बदलली नाही काका, वावरातल्या अळ्यांची मोजणी बदलली. उत्क्रांती म्हणतात ती हीच, आणि ती तुमच्या डोळ्यासमोर आठ-दहा वर्षांत झाली. पहिल्या बीटीला न जुमानणारी गुलाबी अळी गुजरातेत सापडल्याचं 2010 मध्ये जाहीर झालं, नंतर बीजी-2 ला पण ती पुरून उरली.

आता बघा सिकलसेलशी नातं कुठे आहे. अळीतला हा गुण पण लपणारा आहे. एक प्रत वेगळी आणि एक साधी असलेली अळी, म्हणजे आपल्या एएस सारखी वाहक म्हणा, ती बीटी खाऊन मरते. दोन्ही प्रती वेगळ्या असलेलीच वाचते. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत ती 120 ग्रॅमची बिगर-बीटीची पिशवी यायची ना, ती यासाठीच होती. त्या कडेच्या ओळींत साध्या अळ्या जगणार, त्यांचे पतंग वाचलेल्या मोजक्या पतंगांशी जुळणार, पिल्लं सगळी वाहक होणार, आणि वाहक बीटीवर मरणार. म्हणजे तो जीन दरवर्षी दाबला जाणार. आपण ती पिशवी लावलीच नाही, कोणी तिथे तूर पेरली. पण गुलाबी अळी मुख्यतः कापसावरच जगते, तुरीचा तिला आधार नाही. वरून फरदड, म्हणजे वेचणी झालेली पराटी, मार्चपर्यंत उभी ठेवली, म्हणजे अळीला आणखी पिढ्या काढायला घर दिलं.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते म्हणून सांगतो. आपलं वाण संकरित, त्यात बीटीचा जीन बहुतेक एकाच पालकाकडून आलेला, म्हणजे झाडात एकच प्रत. मग त्या झाडाच्या बोंडात सरकी तयार होते तेव्हा एका जीनपुरतं बोलायचं तर चारातल्या तीन सरक्यांत बीटी आणि एकीत नाही. तोच मेंडेलचा तिनास एक, तुमच्या बोंडात. आणि गुलाबी अळी खाते काय तर सरकीच. म्हणजे एकाच बोंडात तिला कमी-जास्त विषाचं जेवण मिळत राहिलं, आणि त्यात वाहक अळ्या पण निभावून गेल्या.

आता बाबांचा मुख्य प्रश्न, एस संपला का नाही. अळीत वाहक मरतो. माणसात उलट झालं. एएस माणसाला फाल्सिपेरम मलेरिया (मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार) जिवावर बेतण्याइतका सहसा होत नाही. 1954 मध्ये अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञांनी पूर्व आफ्रिकेत हे दाखवलं. जिथे मलेरिया जास्त तिथे एए लेकरं तापाने जायची, एसएस लेकरं रक्ताच्या आजाराने जायची, आणि एएस वाढून मोठी व्हायची. तो वाहकच दरवेळी एस पुढे घेऊन गेला. आपला गडचिरोली, चंद्रपूरचा जंगलपट्टा बघा, मलेरिया तिथे अजूनही आहे. दादाच्या अंगात जो एस आहे त्याने त्याच्या कोण्या पणजोबाला तापातून वाचवलं असू शकतं.

आणि लपण्याचा हिशोब बघ. समजा एखाद्या गावात 100 माणसं, म्हणजे 200 प्रती, त्यातल्या 20 एस. साधारण 18 जण एएस निघतील आणि एक जण एसएस. म्हणजे 20 पैकी 18 प्रती धडधाकट माणसांत बसल्या आहेत, आजारात फक्त 2 दिसतात. वावरातलं कमजोर झाड बाबांना दिसतं म्हणून ते उपटतात, हे 18 दिसतच नाहीत. आणि ते उपटायचे नाहीतच, ती आपली माणसं आहेत.

आजीला सांग, 11 नंबरचा क्रोमोसोम बाईला पण दोन आणि बाप्याला पण दोन. दादाला एस आईकडून आला की बाबांकडून, हे त्या दोघांचं रक्त तपासल्याशिवाय ब्रह्मदेव पण सांगू शकत नाही.

कापूसवाला हिंगणघाट

मास्तर, ते पिशवी माह्या कोठ्यात दोन वर्सं पडून होती, मंग ढोराले टाकली. कोणी असं सांगतलंच नाई का ते काहून हाय म्हणून. औंदा कामगंध सापळे (वासानं पतंग धरणारे) लावले, डोमकळ्या (अळीनं धरलेली, न उमललेली फुलं) तोडल्या, आन डिसेंबरात पराटी उपटाची ठरवली हाय. पोरी, बाबाले हे वाचून दाखव.

केळापूरची पोरगी

सगळ्यांना अपडेट देते. काल संध्याकाळी ओट्यावर दोन वाट्या मांडल्या. आईने डोळे मिटून पहिल्यांदाच उचलले तर दोन्ही तुरीचे दाणे निघाले. ती दाणे हातात धरून बसली, बोललीच नाही. मी म्हटलं आई, परत टाक आणि पुन्हा उचल, तर हळूच म्हणाली, "लेकरू परत टाकता येते का मंग?" मला खूप रडू आलं. पण त्यानंतर तिने स्वतःच वीस वेळा उचललं, मी वहीत लिहीत गेले, तुरीची जोडी चार वेळा निघाली. दोन लेकरांवर थांबू हे बोलणं तिने स्वतः मागे घेतलं.

बाबांना अळीचं लगेच समजलं. 18 आणि 2 चा हिशोब त्यांनी दोनदा सांगायला लावला, मग आजीसमोर म्हणाले, "माह्याकडून बी आलं असन. मीच तपासतो पहिले." आई आज जेवली.

रविवारची बैठक पुढे ढकलली. मंगळवारी आई-बाबांचं रक्त द्यायचंय, आणि दादा त्या मुलीला घेऊन समुपदेशकाकडे जाणार आहे, दोघांची एचपीएलसी पण करायची ठरलीय. लॅबवाली ताई, एकच विचारायचं राहिलं, उपाशीपोटी जावं लागतं का?

लॅबवाली ताई

नाही, जेवून या. फक्त मागच्या तीन-चार महिन्यांत कोणाला रक्त चढवलं असेल तर ते आधी सांगा, नाहीतर दुसऱ्याच्याच रक्ताचा रिपोर्ट येतो. आणि दादाचं जुनं कार्ड सोबत आणा.