मदत हवी आहे: फोटो माझ्या स्क्रीनवर झकास, क्लबच्या प्रोजेक्टरवर मळकट

घाईतला_गडी
क्लबच्या स्पर्धेसाठी उद्या रात्रीपर्यंत फोटो अपलोड करायचाय. मागच्या वेळी माझा खंड्या माझ्याकडे मस्त दिसत होता, तिथे पडद्यावर पार मेलेला. पोटाचा नारिंगी विटकरी झाला, निळा तर धुऊन काढल्यासारखा. परीक्षक म्हणाले, रंग उठत नाहीत. या वेळी सॅच्युरेशन किती वाढवून पाठवू? फक्त आकडा सांगा. कॅमेरा कुठला, लेन्स कुठली विचारत बसू नका, प्लीज.

अर्धा_स्टॉप
आकडा नाही मिळणार. एडिटिंग कशात करता? जेपेग की रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा)? फाइलची कलर स्पेस, म्हणजे रंगांचे आकडे कुठल्या मापाने वाचायचे ते, कुठली?

बिनधास्त_क्लिक
+२५ करा आणि मोकळे व्हा. माझं नेहमी चालतं.

मॉनिटरमामा
अहो, आधी मॉनिटर कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचे रंग यंत्राने मापून नीट लावा! ब्राइटनेस १२० कँडेलाच्या आसपास, व्हाइट पॉइंट ६५०० केल्विन, गॅमा २.२. डोळ्यांवर विसंबून एडिटिंग करणाऱ्यांचं हे असंच होतं. कॅलिब्रेटर घेतल्यापासून माझी एकही प्रिंट फुकट गेलेली नाही.

अर्धा_स्टॉप
मामा, दरवेळी तेच औषध? मॉनिटर फार उजळ असता तर पडद्यावर फोटो काळवंडला असता. यांचे रंग उडालेत. आणि यांनी प्रिंटचं नावही काढलेलं नाही.

मॉनिटरमामा
मॉनिटरचे रंगच भडक असतील तर माणूस फोटोतले रंग कमी करत बसतो, हे तुम्हाला मान्य आहे की नाही?

उनाड_पाखरू
प्रोजेक्टरचा दिवा म्हातारा झाला असेल. क्लबवाल्यांना सांगा.

घाईतला_गडी
बाकीच्यांचे फोटो त्याच प्रोजेक्टरवर छान दिसले, म्हणून तर डोकं फिरलंय! फोटोशॉप वापरतो. जेपेग. फोनवरही चांगला दिसतो. कलर स्पेस वगैरे मी कधी हात लावलेला नाही.

अर्धा_स्टॉप
हे आधी सांगितलं असतंत तर अर्धा धागा वाचला असता. आता एकच सांगा, कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फाइलचं नाव कसं सुरू होतं?

घाईतला_गडी
आधी एक अंडरस्कोर, मग डीएससी आणि आकडे. याचा इथे काय संबंध?

अर्धा_स्टॉप
सगळा संबंध तिथेच आहे. नावाच्या सुरुवातीचा अंडरस्कोर म्हणजे कॅमेरा अडोबी आरजीबी या मोठ्या कलर स्पेसवर ठेवलेला आहे. फोटोशॉप आणि तुमचा फोन फाइलमधलं प्रोफाइल, म्हणजे कलर स्पेसची चिठ्ठी, वाचतात, म्हणून रंग बरोबर दाखवतात. क्लबमध्ये ज्या प्रोग्रॅमवर स्लाइड शो चालतो तो बहुधा प्रोफाइल बघतच नाही, प्रत्येक फाइल एसआरजीबी या लहान कलर स्पेसची आहे असं धरून चालतो. आकडे तेच, पण मोठ्या डब्यासाठी लिहिलेले लहान डब्यात वाचले, की रंग फिके पडणारच. बाकीच्यांनी एसआरजीबी पाठवल्या असतील. सॅच्युरेशनला हात लावू नका, फाइल एसआरजीबीत आणा.

कच्चा_माल
म्हणून मी म्हणतो, रॉमध्येच काढा. रॉवर या सेटिंगचा परिणामच होत नाही, कलर स्पेस एक्स्पोर्ट करताना ठरवायची. शिवाय रॉचे १४ बिट म्हणजे लाल, हिरवा, निळा या प्रत्येक चॅनलला १६,३८४ पायऱ्या, जेपेगमध्ये फक्त २५६. आकाशात पट्टे पडतात ते यामुळेच.

उनाड_पाखरू
काढून झालेला फोटो रॉमध्ये कसा काढणार, महाराज?

घाईतला_गडी
एडिट मेनूत असाइन प्रोफाइल सापडलं, तिथे एसआरजीबी निवडलं. आता माझ्या स्क्रीनवरही फोटो तसाच मेलेला दिसतोय!!! हे काय करायला लावलंत?

अर्धा_स्टॉप
असाइन मी म्हटलंच नव्हतं. पण बरं झालं, क्लबच्या पडद्यावर काय झालं ते घरबसल्या दिसलं. असाइन केल्यावर आकडे तसेच राहतात, फक्त वरची चिठ्ठी बदलते. आता अनडू करा. त्याच मेनूत खाली 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' आहे, ते वापरा. त्यात रंग जसा दिसतो तसा ठेवण्यासाठी आकडे बदलले जातात. सेव्ह करताना प्रोफाइल एम्बेड करण्याची खूण ठेवा.

कच्चा_माल
कन्व्हर्ट केल्यावर पंखांचा निळा झूम करून बघा. निळा-हिरवट भाग अडोबी आरजीबीत जास्त मावतो, एसआरजीबीत कापला जातो आणि पिसांच्या रेघा सपाट होतात. तसं झालं तर अनडू करून तेवढ्या निळ्याचं सॅच्युरेशन किंचित उतरवा आणि पुन्हा कन्व्हर्ट करा.

अर्धा_स्टॉप
हे मात्र बरोबर.

पाणथळ
विषय चाललाय तो चालू द्या, पण पोट नारिंगी आणि पाठ निळी असेल तर तो धीवर म्हणजे छोटा खंड्या. नुसत्या खंड्याचं डोकं आणि पोट तपकिरी, गळा-छाती पांढरी. शीर्षकात चुकीचं नाव गेलं तर परीक्षक टोकतात.

बिनधास्त_क्लिक
डीपीआय (इंचाला किती ठिपके ते) पण ३०० ठेवा हां, नाहीतर प्रोजेक्टरवर फाटतो.

अर्धा_स्टॉप
पडद्याला डीपीआयशी काही देणंघेणं नाही. तो पिक्सेल मोजतो. ७२ ठेवा नाहीतर ३०००.

मॉनिटरमामा
पिक्सेलचं ठीक आहे, पण मॉनिटर...

घाईतला_गडी
कन्व्हर्ट केला. फोटो आहे तसाच दिसतोय, निळाही ठीक आहे. आता शेवटचं. क्लबची मर्यादा १९२० बाय १०८०. माझा फोटो उभा आहे, तर १९२० उंची ठेवू ना?

अर्धा_स्टॉप
नाही. १९२० ही रुंदीची मर्यादा, उंची १०८० च्या वर जाता कामा नये. उभ्या फोटोची उंची १०८० करा, रुंदी आपोआप येईल. आकार लहान केल्यावर फोटो थोडा मऊ पडतो, म्हणून शार्पनिंग त्यानंतर करा. आणि कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन कलर स्पेस एसआरजीबी करून टाका.

घाईतला_गडी
ते उद्या बघतो. अपलोडचं पान उघडत नाहीये.